दारात चपला किती

कीड मारायला परवाना लागतो हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा थोरलीची सासू हसता हसता ठसकली होती. "उद्या ढेकूण चिरडायचा तर अर्ज करा म्हणतील," म्हणाली होती. सासू गेली, ढेकूण राहिले आणि अर्जही राहिले. आता घराच्या भिंतीवर परवान्यांच्या दोन चौकटी होत्या. एक थोरलीची, एक तिच्या जावेची, धाकटीची. आपली चौकट बघितली की थोरलीची मान ताठ व्हायची. शेजारची बघितली की तोंड कडू व्हायचं.

झुरळं, वाळवी, उंदीर ही किरकोळ कामं. ती कोणीही गडी करायचा. घराचं खरं पोट चालायचं धुरीवर. गोदाम बंद करायचं, आत जागोजागी ताटल्यांत गोळ्या मांडायच्या, बाहेर यायचं, दाराच्या फटींवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि तीन दिवस दाराला हात लावायचा नाही. आत जे जिवंत असेल ते मरतं. ते किडा आहे की माणूस, हे गोळी विचारत नाही.

म्हणून कायदा होता: धुरीच्या कामाला दोन परवानेवाले हवेत. एक आत जाणारा, एक दारात उभा राहणारा. कायदा नऊ वर्षांपूर्वी झाला आणि तो ह्याच घरातल्या मरणामुळे झाला. थोरलीचा धाकटा दीर गालिच्यांच्या गोदामात आत राहिला आणि दार बाहेरून बंद झालं. दार बंद करणारा थोरलीचा नवरा, म्हणजे मेलेल्याचा सख्खा भाऊ. खटला झाला, अपघात ठरला, नवऱ्याचा परवाना गेला. थोरलीला अनुभवावर परवाना मिळाला. आणि दिराची बायको, ही धाकटी, तिने पुस्तकं आणून, परीक्षा देऊन, पहिल्याच झटक्यात दुसरा परवाना भिंतीवर आणून लावला.

तेव्हा थोरलीला बरंच वाटलं होतं. घरचा परवाना घरात. माहेरी कोणी नसलेली बाई, दोन घास खाईल आणि आत जाईल. पण पुस्तक वाचलेल्या बाईला एकदा 'नाही' म्हणता आलं की तिला दुसरा शब्द सुचत नाही. तिच्या सहीशिवाय पान हलेना. बिस्किटांच्या कारखान्याचा मालक म्हणाला, गोदाम दुसऱ्या दिवशी उघडून द्या. थोरली म्हणाली, देऊ. धाकटी म्हणाली, "तीन दिवस. नाहीतर माझी सही नाही."

"मालक मी आहे की तू?" थोरलीने विचारलं.

"मालक तुम्हीच, जाऊबाई. आत मात्र मी जाते."

आणि तिची ती दोरी! आत जाताना रबरी बूट घालायचे, आपल्या चपला दारात काढायच्या, ही धंद्यातली जुनी रीत. दारावरचा माणूस चपला बघतो. चपला आहेत तोवर माणूस आत आहे, चपला गेल्या की दार लावायचं. साधा हिशेब, अडाण्यालाही कळावा असा. पण धाकटी चपला नुसत्या काढायची नाही. सुतळीने दाराच्या कडीला बांधायची. घट्ट, तीन गाठी मारून. गाठी सोडल्याशिवाय दार लागूच नये.

"दावं बांधतेस दाराला? गाय आहेस का?" थोरली सगळ्यांसमोर हसायची.

धाकटी गाठ ओढून बघायची आणि आत जायची.

बिस्किटांचं काम हातचं गेलं, त्या दिवशी थोरलीने ठरवलं की दुसऱ्या परवान्याचा कायदाच काढून टाकायचा. म्हणजे भिंतीवरची दुसरी चौकटही निघेल आणि चौकटीखालची बाईही.

ती धुरीवाल्यांच्या संघाची अध्यक्ष होतीच. तिसरीतून शाळा सुटलेली, पण पंधरा पुरुषांच्या संघात तिच्यासमोर कोणी पाय पसरून बसत नसे. अकरा महिने तिने सरकारी कचेरीतले बाक झिजवले. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब आत्ताच गेले. थोरली बसून राहायची. एकदा साहेब भेटले, तेव्हा तिने फाईल उघडलीच नाही. नुसतं नाकाने हुंगलं आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या कपड्यांना झुरळांचा वास येतोय. घरी ओटा कधीचा आहे?" दुसऱ्या दिवशी ती स्वतः साहेबांच्या ओट्याखाली आडवी झाली. चार दिवसांत झुरळं संपली, पाचव्या दिवशी फाईल हलली. साहेबांचं मन वाचायला तिला अक्षरं लागली नाहीत, ओट्याखाली सगळं लिहिलेलं होतं.

मसुदा संघाच्या चिटणीसाने केला. चिटणीस म्हणजे चष्मा आणि त्याच्यामागे घाबरलेला माणूस. 'धुरीच्या कामास एक परवानाधारक पुरेसा असावा. दारावर कोणीही सज्ञान व्यक्ती चालावी.' वाचून दाखवून तो म्हणाला, "बाई, सगळं जमलंय. पण सरकारी समिती एकच प्रश्न विचारणार. नऊ वर्षांपूर्वी माणूस मेला त्याचं काय? त्याला उत्तर पाहिजे."

"उत्तर माझ्या घरात खिडकीशी बसलंय," थोरली म्हणाली.

खिडकीशी तिचा नवरा बसलेला असायचा. नऊ वर्षं. खटल्यानंतर तो उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. दिवसभर बाहेर बघायचा आणि दिवेलागणीला उठून दारातल्या चपला मोजायचा. मोठ्याने. "तुझा एक जोड, तिचा एक जोड, माझा एक जोड." मग प्रत्येकाला हाक मारायचा आणि ओ आल्यावरच कडी लावायचा. एखादा पाहुण्याचा जोड चुकून राहिला, तर सगळ्या खोल्या, कपाटं, पलंगाखालची जागा बघून यायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, बिचारा. थोरली म्हणायची, "बिचारा कसला? नऊ वर्षांपूर्वी मोजल्या असत्या तर आज बसायची वेळ आली नसती."

हे ती त्याला ऐकू जाईल असं म्हणायची.

आता तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "अहो, समितीसमोर बोलायचंय. फार नाही. म्हणायचं, माझ्याकडे परवाना होता, पंधरा वर्षांचा अनुभव होता, तरी मी चुकलो. चपला बघितल्या नाहीत, दार लावलं."

"मी बघितल्या होत्या," तो हळूच म्हणाला. "दारात चपला नव्हत्या. मी तीनदा हाकही मारली."

"नव्हत्या कशा असतील? भूत होता का तुमचा भाऊ, चपला घालून आत जायला? तुम्हाला दिसल्या नाहीत, एवढंच."

त्याने एकदा दारातल्या चपलांकडे बघितलं. मग मान हलवली. "दिसल्या नसतील."

"हां. तेच सांगायचं. परवान्याला डोळे नसतात, म्हणायचं."

आणि तिने त्याच्याकडून ते पाठ करून घेतलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाढे घोकून घ्यावेत तसं. त्याचा आवाज भरून आला की ती म्हणायची, "इथे रडू नका, तिथे रडा. तिथे उपयोग आहे."

खरं काय ते थोरलीला ठाऊक होतं. एकटीला, असं ती समजत होती.

त्या दिवशी दारावर तीच उभी होती. नवरा मागच्या बाजूच्या खिडक्यांना पट्ट्या लावत होता. आत गेलेल्या दोघा गड्यांच्या चपला ओळीत होत्या आणि शेवटी दिराच्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला कसलीशी चिंधी गुंडाळलेली. तेवढ्यात गोदामाचा मालक चार बड्या लोकांना घेऊन समोरून आला. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरच्या माणसाच्या चपला चिंधीच्या! तिने त्या झटकन उचलून गाडीच्या ड्रायव्हरकडे दिल्या. कोपऱ्यावर मोची बसतो, त्याला म्हणावं लगेच शिवून दे. मग मालकाबरोबर कचेरीत सही घ्यायला गेली. दोघे गडी बाहेर आले, आपापल्या चपला घालून गेले. नवरा वळसा घालून दाराशी आला. चपला नाहीत. हाका मारल्या. दीर शेवटच्या गालिच्यांच्या थप्पीमागे, कानापर्यंत मुखवटा चढवून. थोरली परत आली तेव्हा शेवटची पट्टी लावून झाली होती. तिला वाटलं, दीर अनवाणीच मोच्याकडे गेला असेल.

पोलिसांनी विचारलं तेव्हा नवरा आधीच बोलून बसला होता: "मीच लावलं." थोरलीने त्याचा शब्द खोडला नाही, इतकंच. पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही आणि महिन्याभरात तिला वाटायला लागलं की खरंच, नीट बघितलं असतं तर काय बिघडलं असतं ह्याचं?

समितीच्या दालनात लांबलचक टेबल होतं आणि पंखा कुरकुरत होता. समितीच्या अध्यक्ष बाईंना सर्दी झाली होती. प्रत्येक प्रश्नाआधी त्या रुमाल शोधायच्या. मागच्या खुर्च्यांवर संघाची माणसं, एक वर्तमानपत्रवाला, आणि अगदी कडेला धाकटी. परवानेवाली म्हणून तिलाही पत्र गेलं होतं.

थोरली उभी राहिली. कागद हातात धरला, पण बघितला नाही. "बाई, दारावर उभं राहायला शिक्षण कशाला पाहिजे? दारावरच्या माणसाला दोन डोळे पाहिजेत. माझी सासू निरक्षर होती, पण तिच्या दारातून मांजर आत गेलेलं तिला कळायचं. तुमच्या कायद्याने आम्हाला एका माणसाच्या कामाला दोन माणसं पोसावी लागतात. त्यातलं एक नुसतं उभं राहतं आणि नाही म्हणतं."

संघाची माणसं हसली. धाकटी हसली नाही.

"पण मृत्यू झाला होता ना?" अध्यक्ष बाईंनी रुमाल नाकाशी नेला.

"झाला. आणि दारावर परवानेवालाच होता. हा बघा." तिने नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. धुतलेला सदरा, खाली बघणारे डोळे. "सांगा."

तो बोलला. सगळं, जसंच्या तसं. परवाना होता. अनुभव होता. चपला दिसल्या नाहीत. "परवान्याला डोळे नसतात," म्हणाला आणि तिथे त्याचा आवाज फाटला. ठरलेल्या जागीच फाटला. तो टेबलाला धरून एवढ्या मोठ्या माणसाने रडू नये तसा रडला. वर्तमानपत्रवाला लिहायचा थांबला. अध्यक्ष बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला, सर्दी असो की काही असो.

थोरलीने मनात म्हटलं, झालं काम.

"मयताच्या पत्नी आहेत ना इथे? तुम्हाला काही म्हणायचंय?"

धाकटी उभी राहिली. दालनात पंखाच तेवढा वाजत होता. तिने थोरलीकडे बघितलं आणि मग थोरलीच्या नवऱ्याकडे. "भावोजींनी सांगितलं ते त्यांना खरं वाटतं," ती म्हणाली. "त्याच्यावर मी काय बोलू?" आणि बसली.

"आणि उद्यापासून दारावर कोण उभं करणार तुम्ही?" अध्यक्ष बाईंनी शेवटचं विचारलं.

थोरली जिंकलेली होती आणि जिंकलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्यांनाच करीन. ज्याने एकदा ठेच खाल्ली तो दुसऱ्यांदा खात नाही. माझा जीव मी ह्यांच्या हवाली करते, आणखी काय पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी ते वाक्य फोटोसकट छापून आलं. दीड महिन्यात कायदा बदलला.

आदेशाचा कागद आला त्या सकाळी थोरलीने भिंतीवरची दुसरी चौकट स्वतः काढली. पुसून, कापडात गुंडाळून धाकटीच्या हातात दिली. मानाने द्यावी तशी. "ही तुझी. आता आमच्याकडे दोन माणसांचं काम राहिलं नाही. तुझं वय आहे, शिक्षण आहे. कुठेही चिकटशील."

"कधी जाऊ?"

"मी कशाला हाकलू? तुला वाटेल तेव्हा जा," थोरली म्हणाली. "संध्याकाळपर्यंत."

धाकटीने सामान बांधलं. नऊ वर्षांचं सामान एका ट्रंकेत मावलं आणि वर जागा उरली. तिने भावोजींना वाकून नमस्कार केला. थोरलीला केला नाही. दाराशी थांबून तिने पिशवीतून काहीतरी काढलं, चपलांच्या ओळीत ठेवलं आणि रस्त्याला लागली.

दिवेलागणीला नवरा उठला. "तुझा एक जोड. माझा एक जोड." मग थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "एक जोड जास्त आहे."

"विसरली असेल जाताना," आतून थोरली म्हणाली.

"पुरुषाच्या आहेत."

थोरली बाहेर आली. तो उंबऱ्यावर बसून एक चप्पल हातात फिरवत होता. जुनी, टाच झिजलेली, पण अंगठा नवा. पांढऱ्या दोऱ्याचे टाके, एकदाही पाय न लागलेले. त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं. काही विचारलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने आपणहून चपला पायात घातल्या आणि बाहेर पडला. थोरली दारात उभी राहिली. त्याला हाक मारावी असं तिला वाटलं, पण काय म्हणून मारायची ते सुचलं नाही.

तासाभराने तो परत आला. चपला ओळीत ठेवल्या.

"मोची अजून तिथेच बसतो," तो म्हणाला. "म्हातारा झालाय. तुझी आठवण काढत होता."

"माझी कशाला?"

"म्हणाला, ड्रायव्हर धावत आला होता. वहिनींनी सांगितलंय, लगेच शिव, गिऱ्हाइकासमोर लाज जाते. त्याने शिवून ठेवल्या, कोणी न्यायला आलंच नाही. महिन्याने त्यानेच घरी आणून दिल्या. तू नव्हतीस. धाकटीने घेतल्या."

 थोरलीची जीभ मात्र तिचीच होती. "मग तिने का नाही सांगितलं इतकी वर्षं? मोठी सती! तिलाही माझ्या घरात खायचं होतं."

"तिनेही नाही सांगितलं," तो म्हणाला. "दोघींनी मिळून मला खिडकीत बसवलं." हे त्याने न चिडता म्हटलं, पाऊस पडतोय म्हणावं तसं. मग कडी लावली. कडी लावण्याआधी त्याने हाका मारल्या नाहीत. थोरलीच्या ते लक्षात आलं.

आत जाता जाता तो वळला. "परवा बिस्किटांचं गोदाम आहे ना? दारावर मी येतो. तू समितीत बोललीस, पेपरात आलंय."

"तुम्ही कशाला त्रास घेता? एखाद्या गड्याला..."

"का? मी नको?" तो म्हणाला. "का नको ते लोकांना सांगशील ना?"



तिसऱ्या दिवशी बिस्किटांच्या गोदामासमोर मालक स्वतः उभा होता. चिटणीस हार घेऊन आला होता. नव्या कायद्याचं पहिलं काम म्हणून वर्तमानपत्रवालाही आला. थोरलीचा नवरा धुतलेला सदरा घालून दाराशी उभा होता, हातात खळीचं भांडं आणि पट्ट्यांची गुंडाळी. कितीतरी वर्षांनी तो असा ताठ उभा दिसला. चिटणीस म्हणालाही, "भाऊंची तब्येत सुधारली हो, बाई!"

आत जाणारं दुसरं कोणी नव्हतं. परवाना एकच उरला होता आणि तो थोरलीचा होता.

तिने चपला काढल्या. रबरी बूट चढवले. मग तिचा हात नकळत कमरेच्या पिशवीत गेला. पिशवीत सुतळी होती. सकाळी निघताना तिने ती कोणाला न दिसता कापून ठेवली होती. तिने सुतळी बाहेर काढली आणि कडीकडे वाकली.

"हे काय गं?" नवरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दावं बांधतेस? गाय आहेस का?"

मालक हसला. चिटणीस हसला. वर्तमानपत्रवाल्याने पेन उचललं.

"मी आहे ना दारावर," तो म्हणाला. "माणसाला दोन डोळे असले म्हणजे झालं. तुझंच म्हणणं."

थोरली सरळ झाली. सगळी तोंडं तिच्याकडे होती. 'मला ह्या माणसाचा भरवसा नाही' एवढंच म्हणायचा अवकाश, की लगेच कोणीतरी विचारलं असतं, का? तिने त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग सुतळी चुरगाळून पिशवीत टाकली, मुखवटा चढवला आणि मान ताठ ठेवून आत गेली.

गोदाम लांब होतं आणि ताटल्या तेरा. पहिली तिने दाराजवळच ठेवली. बाहेरून त्याचा आवाज येत होता, घरी यायचा तसाच. "एक जोड." ती दुसऱ्या थप्पीकडे गेली. "एक जोड." तिसऱ्या थप्पीपाशी तिने कानावरचा मुखवटा वर सरकवला. "एक जोड."

चौथी ताटली हातात घेऊन ती थांबली. गोळ्या ताटलीत खुळखुळल्या. तिने ताटली खाली ठेवली, श्वास धरला आणि वाट बघितली.

बाहेर कोणी मोजत नव्हतं.